पडद्यावरील रक्ताचा रंग

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत धानाची मळणी उरकून माणसे जराशी मोकळी झाली, की जंगलाच्या आडोशाने कोंबडबाजार भरतो; कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधून त्याला दुसऱ्यावर सोडतात, पैजा लागतात, आणि 1960च्या कायद्यान्वये प्राण्यांची झुंज लावणे हा गुन्हा असल्यामुळे अधूनमधून पोलिसांची धाड येऊन कोंबड्यांसह कात्याही जप्त होतात. या गर्दीत लहान मुलास नेऊ नये, हे सांगावयास कोणा पंडिताची आवश्यकता नाही. परंतु तेच मूल ओसरीवर बसून मोबाइलच्या पडद्यावर दोन योद्ध्यांची झुंज लावते, तेव्हा पालकांची बुद्धी कुंठित होते; कारण तेथे खरोखर कोणीच मरत नसते.

खेळ मुलास द्यावा की नाही हे ठरविताना, रक्त दिसते की नाही, ही कसोटी सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत फसवी. 1992 साली अमेरिकेत निघालेला ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा झुंजीचा खेळ पुढील वर्षी घरगुती यंत्रांवर आला, तेव्हा निन्टेन्डो कंपनीने रक्ताऐवजी करड्या घामाचे थेंब उडविले, तर सेगाच्या यंत्रावर ठरावीक कळा क्रमाने दाबताच रक्त वाहू लागे. खप अर्थातच सेगाच्या खेळाचा अधिक झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हे प्रकरण अमेरिकन सिनेटपुढे गेले, आणि 1994 मध्ये खेळांची वयोमर्यादा ठरविणारे मंडळ त्या धंद्यातील लोकांनीच स्थापन केले. आपल्याकडे 2020च्या सप्टेंबरात पबजी या बंदुकीच्या खेळावर बंदीचा हुकूम निघाला. पुढल्या जुलैत त्याचाच भारतीय अवतार प्रकटला, तो रक्त हिरवे करून आणि 18 वर्षांखालील मुलांस दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा घालून. बंदूक मात्र होती तशीच राहिली!

चित्रपटांस प्रमाणपत्र देणारे मंडळ सरकारदरबारी आहे. खेळांसाठी तसा शिरस्ता नाही. प्ले स्टोअरवर 3, 7, 12, 16, 18 असे वयाचे आकडे असतात, ते अवश्य पाहावेत. पण खेळ काढणाऱ्याने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून ते निघतात, हे ध्यानात असू द्यावे. पालकाने शेजारी बसून एक डाव पुरा पाहिला, तर त्या आकड्यात न मावणाऱ्या गोष्टी कळतात: शत्रू हतबल होऊन पडल्यावरही त्यास छिन्नविच्छिन्न करण्याबद्दल बक्षीस मिळते काय, अनोळखी इसमांशी बोलण्याची मुभा आहे काय, आणि हरलेल्या मुलास थांबवताच ते रुसते की हिंसक होते.

आणखी एक बाब या मुलखापुरती. पुण्याच्या मुलास गोळीबार ही निव्वळ कल्पना असेल; परंतु जेथे 1980च्या सुमारास नक्षलवाद्यांची सशस्त्र पथके (दलम) शिरली, आणि 1 मे 2019 रोजी जांभुळखेड्याजवळील भूसुरुंग स्फोटात 15 पोलीस जवान मृत्युमुखी पडले, त्या गडचिरोलीत कित्येक घरांस बंदुकीचा आवाज प्रत्यक्ष ठाऊक आहे. अशा घरातील मुलाला पडद्यावरचा बार कसा ऐकू येतो, हे दूरच्या कंपनीस कळणे अशक्य. ते आईबापांसच कळेल.

माझे मत विचाराल तर, बारा वर्षांखालील मुलाच्या हाती असला झुंजीचा खेळ देऊच नये. त्यापुढे द्यावयाचा झाल्यास वडीलधाऱ्यांच्या देखत द्यावा. आणि पडलेल्याचा जीव घेण्यातच ज्याची मौज आहे, तो अठरावे वर्ष उलटेपर्यंत घरात आणू नये, मग त्यातले रक्त तांबडे असो की हिरवे.