ऑइल फिल्टर कसा निवडायचा: आधी बसतो का, मग खरा आहे का, मग चांगला आहे का

हा आपल्या या भागाचा लिखित अवतार. हेडफोन हाताशी नसतील, किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात उभं राहून पटकन एखादी गोष्ट तपासायची असेल, तर हे पान कामाला येईल. बोलताना झालेलं "अं... म्हणजे काय की..." काढून टाकलंय, बाकी गप्पा तशाच आहेत.

आजचा प्रश्न बऱ्याच श्रोत्यांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. गाडीची वॉरंटी संपली, आता सर्व्हिसिंग ओळखीच्या गॅरेजमध्ये होतं. गॅरेजवाला म्हणतो, "ऑइल आणि फिल्टर तुम्हीच घेऊन या." दुकानात गेलं की काउंटरवर तीन डबे येतात. तिघांच्या किमती वेगळ्या, आणि दुकानदार म्हणतो, "कुठलाही घ्या, तिन्ही बसतील." मग घ्यायचा कुठला?

बहुतेक जण इथे ब्रँडवरून वाद घालतात. माझं म्हणणं असं की ब्रँडचा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, हा फिल्टर माझ्या इंजिनावर नीट बसतो का? दुसरा, हा खरा आहे का? आणि मग तिसरा, हा चांगला आहे का? हा क्रम उलटा केला तर शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचं इंजिन जाऊ शकतं.

आधी त्या डब्यात काय असतं ते बघू

अगदी सुरुवातीच्या गाड्यांना ऑइल फिल्टर नव्हताच. ऑइल काळं झालं की ओतून द्यायचं, एवढंच. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी गाडीसाठी ऑइल फिल्टर आणला. त्याचं नाव प्युरोलेटर, म्हणजे 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांचा जोड.

आजचा डबा हातात घेऊन तोंडाकडून बघा. कडेने गोल छोटी भोकं दिसतील आणि मधोमध आट्यांचं मोठं भोक. ऑइल कडेच्या भोकांतून आत जातं, घड्या घातलेल्या कागदातून बाहेरून आत गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनकडे परत जातं. या कागदाला मीडिया म्हणतात. तो सेल्युलोजचा असतो, काचेच्या बारीक तंतूंसारखा सिंथेटिक असतो, किंवा दोन्हींचं मिश्रण असतं.

आतमध्ये आणखी दोन भाग असतात, आणि खरी गंमत त्यांच्यात आहे.

पहिला अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. ही रबराची पातळ चकती असते. इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली सांडून जाऊ नये म्हणून ती भोकं झाकून बसते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर हिचं काम फार मोठं. ती कडक झाली किंवा नीट बसली नाही तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी स्टार्ट मारला की दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते आणि ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझतो. तेवढा वेळ वरचे भाग जवळजवळ कोरडे फिरत असतात.

दुसरा बायपास व्हॉल्व्ह. सॉफ्टवेअरवाल्यांना हा लगेच कळेल, कारण हा फेल-सेफ आहे. ऑइल थंडीत घट्ट झालं, किंवा फिल्टर कचऱ्याने तुंबला, तर कागदातून पुरेसं ऑइल जात नाही. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनला जातं. हिशेब सरळ आहे: घाण ऑइल वाईट, पण ऑइलच नसणं त्याहून खूप वाईट.

हा व्हॉल्व्ह किती दाबाला उघडायचा हे इंजिन बनवणारा ठरवतो. काही इंजिनांत तो फिल्टरमध्ये नसून इंजिनच्या ब्लॉकमध्येच असतो. म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे आतून वेगळे असू शकतात.

पहिला प्रश्न: बसतो का?

"आटे लागले म्हणजे बसला" हा या विषयातला सगळ्यात महागडा गैरसमज.

एक खरं उदाहरण घ्या. बऱ्याच जपानी आणि कोरियन गाड्यांच्या फिल्टरचे आटे एम २० × १.५ असतात, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर. बऱ्याच अमेरिकन आणि काही टोयोटा इंजिनांवर पाऊण इंची आटे असतात, इंचाला १६. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि दोन आट्यांतलं अंतर जवळपास १.५९ मिलिमीटर. फरक एवढासा की २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची स्टडवर हाताने चढतो. आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे एकमेकांत जेमतेम अडकलेले असतात.

आता त्या आट्यांवर किती जोर येतो ते मोजू. रबरी रिंगचा व्यास साधारण ६० मिलिमीटर धरा. क्षेत्रफळ झालं सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. थंड इंजिन सुरू करताना ऑइलचा दाब ५ बार धरला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ५ किलो. गुणाकार करा: १४० किलो. दोन मोठी माणसं त्या डब्याला लोंबकळतायत असं समजा. अर्धवट अडकलेले आटे हे किती वेळ सहन करतील? डबा निसटला तर ऑइल पंप काही क्षणांत सगळं ऑइल रस्त्यावर ओततो. हे एक्स्प्रेसवेवर झालं तर दिवा दिसून गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंगची वाट लागलेली असू शकते.

म्हणून दुकानात "स्विफ्टचा द्या" एवढं म्हणून चालत नाही. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं आली आहेत. १.३ लिटर मल्टिजेट डिझेलचंच बघा. ते स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या गाड्यांत होतं, फियाट पुंटोतही होतं. त्यावर डबा नाहीच, झाकणाच्या आत बसणारा नुसता कागदी कार्ट्रिज फिल्टर आहे. त्याच स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनवर मात्र आट्यांचा डबा.

मग करायचं काय? गाडीचं मॉडेल, वर्ष, इंधन आणि इंजिन एवढं लिहून ठेवा. जुन्या फिल्टरवरचा किंवा गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर फोनमध्ये सेव्ह करा. मग फिल्टर बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये त्या नंबरला कुठला नंबर जुळतो ते बघा. माहले, बॉश, मान अशा कंपन्यांचे कॅटलॉग ऑनलाइन सापडतात. "साधारण तसाच दिसतो" ही जुळणी नव्हे.

"मोठा डबा लावला तर जास्त ऑइल गाळलं जाईल" हा सल्लाही अधूनमधून कानावर येतो. लांब डबा खाली लोंबतो, आणि आपल्याकडचे गतिरोधक तुम्हाला माहीत आहेत. शिवाय बायपासचा दाब वेगळा असू शकतो. सोडून द्या.

दुसरा प्रश्न: खरा आहे का?

काउंटरवर चार शब्द ऐकू येतात: कंपनीचा, ओरिजिनल, लोकल, डुप्लिकेट. यांची सरमिसळ करू नका.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्या सहसा फिल्टर स्वतः बनवत नाहीत. तो एखादी पार्ट बनवणारी कंपनी बनवते आणि गाडीच्या कंपनीच्या खोक्यात जातो. हा झाला "कंपनीचा". तीच किंवा दुसरी नावाजलेली पार्ट कंपनी स्वतःच्या नावाने विकते तो आफ्टरमार्केट. यात कमीपणा काही नाही, बऱ्याचदा पैसे मात्र वाचतात. "लोकल" म्हणजे स्वतःच्या नावाने, पण फारशी माहिती न देता बनवलेला माल. आणि "डुप्लिकेट" म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं खोकं छापलेली सरळसरळ फसवणूक.

लोकलमध्ये निदान कळतं की आपण काय घेतोय. डुप्लिकेटमध्ये तेही नाही. आत कागद किती, व्हॉल्व्ह आहे की नाही, कोणाला माहीत!

ओळखायचं कसं? खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क असायलाच हवा. पॅकबंद मालासाठी २०११ चे नियमच तसे आहेत. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा आणि कंपनीचीच साइट उघडते का बघा. छपाईतलं स्पेलिंग तपासा. आटे स्वच्छ हवेत, कुठे धातूचा कीस नको. रबरी रिंग खाचेत सरळ बसलेली हवी. जुना खरा फिल्टर असेल तर शेजारी ठेवून बघा.

आणि पक्कं बिल मागा. नाना पेठेत घ्या नाहीतर ऑनलाइन, बिल देणारा विक्रेता उद्या तोंड लपवू शकत नाही. ऑनलाइन घेताना ॲपचं नाव नव्हे, विक्रेत्याचं नाव वाचा.

तिसरा प्रश्न: चांगला आहे का?

आता कुठे ब्रँड आणि मायक्रॉन. खोक्यावर "२० मायक्रॉन" लिहिलेलं असतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण २० मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात? हे सांगितलं नसेल तर आकडा अर्धवट आहे. एक फिल्टर १०० पैकी ५० कण अडवतो, दुसरा ७५ पैकी फक्त एक सोडतो, म्हणजे जवळपास ९८.७ टक्के अडवतो. दोघांच्याही खोक्यावर "२० मायक्रॉन" येऊ शकतं. ही क्षमता मोजायची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, आयएसओ ४५४८-१२. मायक्रॉन, टक्के आणि चाचणी, तिन्ही सांगणाऱ्या कंपनीला माझ्याकडून जास्त मार्क.

अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह सिलिकॉनचा असेल तर उत्तम, कारण नायट्राइल रबरापेक्षा तो उष्णतेत जास्त काळ मऊ राहतो. सिलिकॉन बऱ्याचदा नारिंगी-लाल दिसतो, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. वर्णनात काय लिहिलंय ते वाचा.

सिंथेटिक मीडियाचा महागडा फिल्टर हवाच का? ठरलेल्या वेळेला, बऱ्याच पेट्रोल गाड्यांत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलत असाल तर योग्य नंबरचा, खरा, साधा फिल्टर पुरतो. महागडा फिल्टर लावून ऑइल बदलायचं लांबवणं हा मात्र उलटा व्यवहार. आणि एअर फिल्टरकडेही बघा, कारण बाहेरची धूळ इंजिनात मुख्यतः तिथूनच शिरते.

वॉरंटीचं काय?

२०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. मुद्दा हाच, की स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाही. बाहेरच्या गॅरेजमध्ये गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट नको, असंही आयोगाने म्हटलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. माझा व्यवहारी सल्ला: वॉरंटी चालू असेपर्यंत कंपनीचाच फिल्टर लावा. शे-दोनशे वाचवायला वाद ओढवून घेऊ नका.

बसवताना समोर उभे राहा

जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे आधी बघा. दोन रिंगा एकावर एक आल्या की गळती ठरलेली. नव्या रिंगला बोटाने थोडं ऑइल लावायचं. रिंग टेकल्यावर डब्यावर छापलंय तेवढंच हातानं आवळायचं, बहुतेकदा पाऊण फेरा. कार्ट्रिज फिल्टर असेल तर झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी. मग इंजिन सुरू करा, दिवा विझतो का बघा, खाली वाकून गळती तपासा, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. आणि जुनं ऑइल गटारात नाही, गॅरेजच्या ड्रममध्ये.

तर मंडळी, दुकानात जाण्याआधी आजच एक काम करा: तुमच्या गाडीचा फिल्टर नंबर फोनमध्ये सेव्ह करा. कुठल्या गाडीचा नंबर सापडत नसेल तर कळवा, पुढच्या भागात सोबत शोधू. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा, जो दुकानात म्हणतो, "बसतोय ना, मग दे!"