जुन्या रूटरांवर नवा प्रोटोकॉल

आयपीव्ही४ हा प्रोटोकॉल १९८१ साली सिद्ध झाला, तेव्हा त्याच्या ३२ बिटांत मावणाऱ्या सुमारे ४३० कोटी पत्त्यांत साऱ्या जगाची सोय होईल असे मानणे मुळीच गैर नव्हते. परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातील शिल्लक गट विभागीय संस्थांच्या हवाली झाले आणि ते कोठार रिते झाले. १२८ बिटांचा वारस, आयपीव्ही६, १९९५ सालीच जाहीर झालेला असूनही त्याचा अंमल सर्वत्र बसला नाही, याचे कारण बहुतेक लोक खर्चात शोधतात. मला ते यंत्रांच्या घडणीत अधिक दिसते.

१ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वज असलेल्या आर्पानेट जाळ्याने आपला जुना प्रोटोकॉल सोडून आयपीव्ही४ स्वीकारला, तेव्हा त्यावर अवघे काही शे संगणक होते. आज तसा एकच मुहूर्त धरणे अशक्य, आणि आयपीव्ही४ व आयपीव्ही६ परस्परांना थेट उमगत नसल्याने एकाच रूटरला दोघांचाही कारभार सांभाळावा लागतो. मोठ्या रूटरांत पॅकेटची पुढची वाट ठरवण्याचे काम खास चिप करते. तिच्या घडणीतच आयपीव्ही६ नसेल, तर सॉफ्टवेअर कितीही नवे चढवा, ते पॅकेट सामान्य प्रोसेसरकडे जाते आणि तेथे तुंबते. चिप जाणती असली तरी तिची शोधस्मृती मोजकीच, आणि आयपीव्ही६ची एक नोंद तीत दोन नोंदींची जागा अडवते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी आयपीव्ही४ मार्गांची जागतिक यादी ५,१२,०००च्या पलीकडे गेली, तेव्हा अनेक जुन्या रूटरांची त्यासाठी राखलेली स्मृती भरून ठिकठिकाणी इंटरनेट मंदावले. आणि त्यावर तजवीज कोणती, तर आयपीव्ही६चा वाटा कापून तो आयपीव्ही४ला द्यायचा व यंत्र पुन्हा सुरू करायचे! वारसाच्या हिश्शातून वडिलांचे कर्ज फेडण्याचाच हा प्रकार.

फायरवॉलची तऱ्हा निराळी. आयपीव्ही६मध्ये वाटेतला रूटर मोठे पॅकेट तोडत नाही, ते पेलत नसल्याचा निरोप प्रेषकाला धाडतो. पण पूर्वापार शिरस्त्याने असे निरोप अडवणारी फायरवॉल मध्ये असली, की जोडणी जुळूनही पान अर्ध्यावर थबकते आणि दोष कोणाचा हे कळत नाही.

रिलायन्स जिओने २०१६ साली सेवा सुरू केली ती आरंभापासूनच आयपीव्ही६सह, कारण त्यांचे ४जी जाळे नवेकोरे होते. जुनी कार्यालये मात्र रूटर बदलूनही अडतात: त्यांच्या दफ्तरी नोंदींत पत्त्याचा रकाना १५ अक्षरांचा, आणि नव्या पत्त्याला ३९ लागू शकतात.