परस्परसंमतीचा न्याय : आंतरराष्ट्रीय लवादाची वाटचाल

दोन देशांतील व्यापाऱ्यांमध्ये तंटा निर्माण झाला, तर तो कोणाच्या न्यायालयात चालावा? विक्रेत्याला खरेदीदाराच्या देशातील न्यायालय परके वाटते आणि खरेदीदाराला विक्रेत्याच्या देशातील. शिवाय एका देशातील हुकूमनाम्याची दुसऱ्या देशात अंमलबजावणी होईलच, याची शाश्वती नसते. यावर उपाय म्हणून उभय पक्षांनी त्रयस्थ पंच नेमावेत व त्यांचा निवाडा बंधनकारक मानावा, ही पद्धत रूढ झाली. तिलाच आंतरराष्ट्रीय लवाद म्हणतात.

या पद्धतीमागील तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. मराठेशाहीत पंचायतीपुढे जाणारे पक्षकार निवाडा मान्य करण्याची लेखी संमती देत. त्या लेखास ‘राजीनामा’ म्हणत. पद सोडण्याच्या पत्रासाठी आज वापरला जाणारा हा शब्द मुळात राजीखुशीच्या संमतीचा आहे. न्यायालयाला अधिकार कायद्याने मिळतो. लवादाला तो पक्षकारांच्या संमतीने मिळतो.

राष्ट्राराष्ट्रांतील तंटे

अमेरिकेतील यादवी युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेल्या ‘अलाबामा’ व अन्य जहाजांनी उत्तरेकडील राज्यांच्या व्यापाराची मोठी हानी केली. हा तंटा जिनिव्हा येथे पाच सदस्यांच्या लवादापुढे गेला. १८७२ मध्ये ब्रिटनने १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई द्यावी, असा निवाडा झाला व ब्रिटनने ती रक्कम चुकती केली. एक बलाढ्य राष्ट्र त्रयस्थांचा निर्णय मानते, हे जगाने पाहिले. पुढे १८९९ च्या हेग शांतता परिषदेतून स्थायी लवाद न्यायालय स्थापन झाले.

भारतानेही असाच प्रसंग अनुभवला. १९६५ च्या संघर्षानंतर कच्छच्या रणातील सीमेचा प्रश्न तीन सदस्यांच्या लवादाकडे सोपविण्यात आला. स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन हे त्याचे अध्यक्ष होते. १९ फेब्रुवारी १९६८ च्या बहुमताच्या निवाड्याने वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे नऊ-दशांश भाग भारताकडे राहिला; उरलेला पाकिस्तानला मिळाला. देशात तीव्र विरोध झाला. मधु लिमये यांच्यासह काहींनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तथापि १९६९ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीचा मार्ग मोकळा केला व भारताने दिलेला शब्द पाळला. २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील सागरी सीमेच्या वादात १९,४६७ चौरस किलोमीटर क्षेत्र बांगलादेशाकडे गेले, तेव्हाही भारताने निवाडा स्वीकारला.

व्यापारी लवादाचा पाया

व्यापारी तंट्यांसाठी पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९२३ मध्ये लवाद न्यायालय सुरू केले. परंतु निवाडा मिळाला, तरी तो दुसऱ्या देशात अंमलात कसा आणावयाचा, हा प्रश्न उरला होता. १९२७ च्या जिनिव्हा करारानुसार निवाडा जेथे झाला, तेथील न्यायालयाची मान्यता व्यवहारतः आधी घ्यावी लागे आणि मग अंमलबजावणीच्या देशात पुन्हा अर्ज करावा लागे.

ही दुहेरी खटपट १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने संपविली. या कराराच्या घडणीत नेदरलँड्सचे प्राध्यापक पीटर सँडर्स यांचा मोठा वाटा होता. परिषद चालू असताना, आठवड्याच्या सुट्टीत सासऱ्यांच्या घराच्या बागेत बसून, मांडीवर टंकलेखनयंत्र घेऊन आपण नवा मसुदा तयार केला, अशी आठवण त्यांनी उतारवयात सांगितली आहे. त्या मसुद्याचे मर्म असे की, निवाडा ग्राह्य धरावा आणि तो का अमान्य करावा हे सिद्ध करण्याची जबाबदारी विरोध करणाऱ्यावर असावी. आज एकशे सत्तरहून अधिक देश या कराराचे सदस्य आहेत. भारताने १९६० मध्ये त्यास मान्यता दिली व १९६१ मध्ये त्यासाठी कायदा केला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविधी आयोगाने १९७६ मध्ये लवादाचे नियम व १९८५ मध्ये नमुना कायदा सिद्ध केला.

ज्येष्ठांचे चिंतन

या यशाबरोबर लवादाचे स्वरूपही पालटले. प्रारंभी मोजके प्राध्यापक व निवृत्त न्यायाधीश हे काम करीत. त्यांच्या नैतिक अधिकारावर पक्षकारांची भिस्त असे. नंतर मोठ्या वकिली संस्थांचा या क्षेत्रात प्रवेश झाला. कागदपत्रांचे ढीग, दीर्घ युक्तिवाद व वाढता खर्च हेही सोबत आले. मुंबईत वकिलीस आरंभ करून पुढे आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारे फली नरिमन यांनी, ज्या खटलेबाजीला पर्याय म्हणून लवाद पुढे आला तिचेच रूप तो घेऊ लागला आहे, अशी खंत अनेकदा व्यक्त केली.

ज्येष्ठ विधिज्ञ यान पॉलसन यांनी २०१० मध्ये मायामी येथील व्याख्यानात याहून मूलभूत प्रश्न विचारला. प्रत्येक पक्षाने आपापला पंच नेमावा, हीच प्रथा निःपक्षपातीपणास बाधक नाही काय? पंचांची निवड संयुक्तपणे किंवा त्रयस्थ संस्थेने करावी, असे त्यांचे मत होते. चार्ल्स ब्राउअर यांच्यासारख्या अनुभवी पंचांनी यास विरोध केला. पंच निवडण्याचा हक्क काढून घेतल्यास पक्षकारांचा विश्वासच उडेल, असे त्यांचे म्हणणे होते. मते भिन्न असली, तरी विश्वासावाचून लवाद टिकत नाही, याविषयी दोघांत दुमत नाही.

भारतापुढील धडे

भारतात १९४० च्या कायद्याखालील लवाद न्यायालयीन विलंबात अडकत. म्हणून नमुना कायद्यावर आधारित १९९६ चा कायदा आला. तरीही विलंब सरला नाही. कोल इंडियाविरुद्ध मिळालेल्या निवाड्याची अंमलबजावणी एका ऑस्ट्रेलियन कंपनीस भारतीय न्यायालयांत नऊ वर्षांतही करून घेता आली नाही. तेव्हा तिने गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेतला आणि २०११ मध्ये भारत सरकारविरुद्ध निवाडा मिळविला. महाराष्ट्रात दाभोळ वीजप्रकल्प १९९५ मध्ये रद्द होताच कंपनीने लंडन येथे लवादाची कार्यवाही सुरू केली. करारातील लवादाचे कलम सार्वजनिक तिजोरीशी किती निगडित असते, हे त्यावरून दिसून आले.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लवादाचे स्थान परदेशात असेल, तर त्याचा निवाडा रद्द करण्याचा अधिकार भारतीय न्यायालयांना नाही. लवादाचे स्थान म्हणजे केवळ बैठकीची जागा नव्हे. कोणत्या न्यायालयाची देखरेख राहील, हे त्यावरून ठरते. म्हणून सार्वजनिक संस्थेच्या वतीने करारावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने लवादाचे कलम शेवटच्या पानावरील औपचारिकता समजू नये. स्थान कोणते, कायदा कोणता, पंच किती आणि त्यांची नेमणूक कोण करणार, या चार प्रश्नांची उत्तरे सहीपूर्वी मिळालीच पाहिजेत. एकदा संमती दिल्यानंतर ती सोयीप्रमाणे मागे घेता येत नाही. जुन्या राजीनाम्याचा अर्थ तोच होता आणि आजच्या लवादाचा आधारही तोच आहे.