होडीची निगा

ज्या मुलांचीं घरें समुद्रकांठीं आहेत त्यांना हा विषय अगदीं जुना वाटेल, आणि ज्यांचीं घरें घांटावर आहेत त्यांना तो आपल्या कामाचा नाहीं असें वाटेल. दोघांनींही थोडा धीर धरावा. लाकूड, पाणी, ऊन आणि जीवजंतु यांचा झगडा होडीच्या अंगावर जितका स्पष्ट दिसतो, तितका दुसरीकडे क्वचितच दिसत असेल.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह कोंकणांतील एका लहान बंदरावर गेलों होतों. पावसाळ्यासाठीं होड्या वर ओढण्याचें काम चाललें होतें. यांतली सर्वांत चांगली होडी कोणती, असें आम्हीं मुलांना विचारलें. बहुतेकांनीं एका निळ्या होडीकडे बोट दाखविलें. तिचा रंग ताजा होता व नाळेवर सुबक वेलबुट्टी काढली होती. जवळच उभ्या असलेल्या एका वृद्ध तांडेलानें कमरेची सुरी काढून तिच्या तळच्या फळीस टेंकली. सुरी दोन बोटें आंत गेली. "मास्तर," तो म्हणाला, "होडी वरून बघायची नसते."

त्या होडीचा धनी तेथेंच मान खालीं घालून उभा होता. त्याचा मुलगा आमच्याच वर्गांतला. पैशांच्या ओढीमुळें मागील वर्षीं त्यानें तळाचें काम टाळलें व वरचा रंग तेवढा दिला होता. चार माणसें रोज जिच्या भरंवशावर खोल पाण्यांत जात, ती होडी अशी होती. असें कां व्हावें, हेंच येथें सांगावयाचें आहे.

होडीच्या अंगाचे दोन भाग आहेत: पाण्याखालचा आणि पाण्यावरचा. दोहोंचे शत्रु निराळे, म्हणून उपायही निराळे. पाण्याखालीं प्रथम शेवाळ धरतें. मग बार्नॅकल नांवाचे बारीक कवचधारी प्राणी येतात. ते दिसतात शिंपल्यांसारखे, पण जातीनें कोळंबी-खेंकड्यांचे आप्त आहेत. एकदां जागा निवडली कीं ते डोक्याच्या बाजूनें चिकटून बसतात व जन्मभर पायांनीं पाणी ढवळून अन्न मिळवितात. तळ असा खरखरीत झाला म्हणजे होडी जड चालते व इंजिनास अधिक तेल लागतें.

यांहून घातक प्राणी म्हणजे टेरेडो. त्यास लोक किडा म्हणत आले, परंतु तो कालवांच्या कुळांतला आहे. सुईच्या अग्राएवढ्या भोंकांतून तो बाळपणीं लाकडांत शिरतो आणि डोक्यावरील दोन लहान शिंपांच्या कानशीनें पोखरीत आंतच वाढतो. बाहेरून फळी अखंड दिसते. आंत ती मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. निळ्या होडीचें रहस्य हेंच होतें. याच प्राण्याची पोखरण्याची रीत पाहून ब्रुनेल नांवाच्या इंजिनियरास नदीखालून बोगदा खणण्याची युक्ति सुचली, असें सांगतात. त्यानें १८१८ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि लंडन येथील थेम्स नदीखालचा बोगदा १८४३ सालीं खुला झाला.

नावेस लेप देण्याची कला फार प्राचीन आहे. नोहाच्या तारवास आंतून व बाहेरून डांबर लावल्याचा उल्लेख उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वापार चुना व चरबी यांचा लेप तळास आणि माशाचें तेल वरच्या फळ्यांस देत आले. इंग्रजी आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' या जहाजाच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. टेरेडो अडला व बार्नॅकलही बसेनात. पण तांब्याशेजारचे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यांत झपाट्यानें झिजूं लागले. दोन निरनिराळे धातु व खारें पाणी एकत्र आले म्हणजे विजेची घटमाला तयार होते, आणि त्यांतील दुबळा धातु झिजतो. १८२४ सालीं हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञानें तांब्यास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून तें वांचविलें. आश्चर्य हें कीं, तांबें झिजेनासें होतांच त्यावर पुन्हां प्राणी बसूं लागले! तांबें किंचित् विरघळतें, म्हणूनच तें तळाचें रक्षण करितें, हें त्यावरून कळलें. आजचे तळास लावण्याचे बहुतेक रंग याच तत्त्वावर चालतात. मध्यंतरीं कथिलाच्या एका संयुगाचे रंग फार खपत. परंतु त्यांनीं कालवांस व समुद्री गोगलगाईंस अपाय होतो असें आढळल्यावर २००१ सालीं त्यांच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, व तो २००८ पासून अंमलांत आला.

आतां प्रत्यक्ष कृति. होडी उधाणाच्या भरतीस वर घ्यावी आणि तळ ओला आहे तोंच खरवडावा. वाळल्यावर बार्नॅकल दगडासारखे घट्ट होतात. मग गोड्या पाण्यानें धुऊन सावलींत वाळूं द्यावें. टेरेडो गोड्या पाण्यांत व कोरड्या लाकडांत जगत नाहीं; पावसाळ्यांत होड्या वर ठेवण्याच्या आपल्या जुन्या चालीचा हा एक मोठा लाभ आहे. परंतु पावसाचें पाणी होडींत सांचूं देऊं नये, कारण गोड्या पाण्यानें लाकूड लवकर कुजतें. झांपांचें छप्पर घालावें व खालून वारा खेळता ठेवावा. नंतर प्रत्येक फळी ठोकून पाहावी. खणखणीत नाद आला तर फळी निरोगी. बद्द आला तर तेथें सुरी टोंचावी. सांध्यांतील कुजका कापूस काढून नवा भरावा, मात्र फार ठांसूं नये. लाकूड पाण्यांत फुगतें, आणि अति ठांसलेली सांध फळीसच ढकलते.

पाण्यावरच्या भागाचा शत्रु ऊन. लाकडास जवसाचें तेल किंवा व्हार्निश देतात. हें तेल उडून वाळत नाहीं, तर हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. त्या वेळीं उष्णता निघते. म्हणून तेलाचीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकल्यास तीं आपोआप पेटूं शकतात, हें मुलांनीं विसरूं नये. अलीकडे किनाऱ्यावर फायबरच्या होड्या पुष्कळ झाल्या आहेत. उन्हानें त्यांचा पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो. तो धुऊन, बारीक पॉलिशनें घांसून त्यावर मेण चढवावें. ब्राझील देशांतील एका ताडाच्या पानांवरचें कार्नोबा मेण यासाठीं उत्तम समजतात. पातळ हात द्यावा, वाळूं द्यावा, मग मऊ कापडानें चकाकी आणावी. पण दोन नियम पाळावे. ओल्या पृष्ठभागावर मेण लावूं नये, कारण ओल आंत कोंडते. आणि जेथें नवा रंग द्यावयाचा तेथें तें मुळींच लावूं नये, कारण मेणावर रंग धरत नाहीं. म्हणून पाण्याखालच्या भागास मेण नको.

अशी निगा राहिली तर नाव किती टिकते? जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मुंबईच्या गोदींत सागवानाचें बांधलेलें 'त्रिंकोमाली' जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. तें आजही इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें तरंगत आहे. सागवान उत्तम खरें, पण पिढ्यान्‌पिढ्या हात फिरला नसता तर केवळ सागवानानें तें तरलें नसतें.

नारळी पौर्णिमेनंतर आम्ही पुन्हां त्या बंदरावर गेलों. निळ्या होडीच्या पांच फळ्या बदलल्या होत्या; त्यासाठीं धन्यानें कर्ज काढलें होतें. वरची वेलबुट्टी यंदा नव्हती, रंगही जुनाच होता. आमचा विद्यार्थी वांकून तळाच्या फळ्या एकेक करून ठोकीत होता आणि कान लावून ऐकत होता. आम्हांस पाहून तो म्हणाला, "सगळ्या खणखणीत आहेत, सर." त्या वर्षीं त्याच्या परीक्षेंतील गुण फारसे नव्हते, परंतु हा धडा त्यास आमच्याहून अधिक चांगला येत होता, हें आम्ही आनंदानें नमूद करितों.