माती तपासता, मग शेण का नाही?

सभासद बंधू-भगिनींनो,

लागणीपूर्वी मातीचा नमुना आणून द्या, अंदाजाने खत टाकू नका, असे आम्ही दरवर्षी गटागटांत फिरून सांगतो. आणि घरच्या गोठ्यात मात्र तेच विसरलो. त्याची ही हकीकत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आठवड्याच्या कालवडीला हगवण लागली. शेजाऱ्यांकडे अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या होत्या, त्या चारल्या. दोन दिवसांत बरे वाटले, म्हणून बंद केल्या. हगवण पुन्हा सुरू. मग कुणीतरी सांगितलेले इंजेक्शन टोचले. गुण येईना. अखेर डॉक्टरसाहेबांना बोलावले. त्यांनी सलाईन लावले आणि शेणाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल चौथ्या दिवशी आला. कालवड तिसऱ्या दिवशीच गेली.

तिथे नेमके काय करतात, ते आम्ही मुद्दाम जाऊन पाहिले. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगरच्या बशीवर शेणाच्या रेघोट्या ओढतात. बशीत दुधातली साखर घातलेली असते. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू ती साखर आंबवतो, तेव्हा त्याचे ठिपके गुलाबी दिसतात. हा जंतू प्रत्येक जनावराच्या पोटात असतोच. त्याच्या काही जातीच रोग करतात.

त्यातला एक ठिपका मिठाच्या पाण्यात ठराविक गढूळपणा येईपर्यंत कालवतात आणि कापसाच्या बोळ्याने नव्या बशीवर सारवतात. वर ६ मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत एकेका औषधाची मोजकी मात्रा असते. बशी रात्रभर उबेत ठेवली की सकाळी निकाल दिसतो. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ कडे पडते. नसेल तर जंतू चकतीला भिडून वाढतात. कडे पट्टीने मोजून त्या औषधाच्या तक्त्याशी ताडतात. बॉअर आणि कर्बी यांनी १९६६ साली ही पद्धत ठरवून दिली. ती अजून चालते.

आमच्या अहवालात दोन औषधांभोवती कडेच नव्हते. आम्ही दिलेली तीच दोन!

असे का होते? एकच फवारणी वारंवार केली की चिवट कीड मागे उरते, तसेच हे. शिवाय चिवट जंतू आपला गुण शेजारच्या जंतूलाही देतो, अगदी दुसऱ्या जातीच्यासुद्धा. जपानमध्ये ओचियाई आणि अकिबा यांनी १९५९ साली ते दाखवून दिले. गोठ्यातले जंतू शेणातून शेतात, पाण्यात आणि आपल्या हातावर येतात. मग उद्या घरातले माणूस आजारी पडले तर त्यालाही तेच औषध लागू पडणार नाही. म्हणूनच माणसासाठी अखेरचे औषध म्हणून राखलेले कोलिस्टिन केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये दुभत्या जनावरांना, कोंबड्यांना आणि त्यांच्या खाद्यात वापरण्यास बंद केले.

सभासदांनी एवढे करावे :

१. वासराला हगवण लागताच आधी अंगातले पाणी भरून काढावे. वासरू बहुधा पाणी गेल्यानेच दगावते. शिवाय पुष्कळदा हगवण विषाणूंची असते. तिला अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

२. औषध सुरू करण्यापूर्वी ताजे शेण स्वच्छ बाटलीत घेऊन डॉक्टरांमार्फत पाठवावे.

३. डॉक्टरांनी सांगितलेला डोस पुरा करावा. उरलेले औषध शेजाऱ्याला देऊ नये, त्याच्याकडून घेऊही नये.

४. औषध चालू असलेल्या जनावराचे दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस डेअरीला घालू नये.

पुढे महिन्याभरात त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या वासराला तशीच हगवण लागली. या वेळी आम्ही शहाणपण केले नाही. डॉक्टरांनी आधी सलाईन दिले, मग अहवाल पाहून तिसरे औषध. ते वासरू आज दावणीला आहे. पहिली कालवड मात्र आमच्या घाईने गेली, हे कबूल करतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी