राउटर दिसतो, पण बोलत नाही

जबलपूरच्या रांझीतून बोलतोय. आजचा विषय असा की, घरातल्या सगळ्यांचे मोबाइल वाय-फायवर मजेत चालतात आणि टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र राउटरशी जुळत नाही. मग कुणी म्हणतं विंडोज नव्याने टाका, कुणी म्हणतं राउटर बदला. दोन्ही खर्चाचे उपाय आणि बहुतेक वेळा दोन्ही अनावश्यक.

मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो. आमच्या कोअरची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ची, आणि तिचं एक प्रशिक्षण केंद्र इथे जबलपुरातच आहे. टेलिफोनची लाइन तुटली की लाइनमन आधी सबंध तार चालत बसत नाही. मध्येच एका ठिकाणी फोन जोडतो, इकडे घंटी देतो, तिकडे घंटी देतो. जिकडून उत्तर आलं ती बाजू ठीक. आता शोध उरलेल्या अर्ध्यात. घरातही हेच करायचं.

तुमचा मोबाइल हाच तो मधला फोन. मोबाइलचा डेटा बंद करून फक्त वाय-फायवर एखादं पान उघडा. उघडलं नाही, तर कॉम्प्युटरला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर एलओएस असं लिहिलेला लाल दिवा लागलाय का पाहा. लागला असेल तर बाहेरची तार गेली आहे, कंपनीला कळवा. वीज नुकतीच येऊन गेली असेल तर दोन-तीन मिनिटं थांबा, राउटरला उठायला वेळ लागतो. पान उघडलं, तर राउटर निर्दोष. आता दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा त्या दोघांच्या मधल्या बोलण्यात.

पुढचा प्रश्न, कॉम्प्युटरला वाय-फायचं नाव दिसतंय का? अजिबात कुठलंच नाव दिसत नसेल तर फ्लाइट मोड चालू असेल किंवा लॅपटॉपचं वाय-फायचं बटण दाबलं गेलं असेल. नातवंडं घरात असली की हे हमखास. शेजाऱ्यांची नावं दिसतात पण आपलं नाही, तर गोष्ट वेगळी. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या लॅपटॉपला पाचची भाषा येतच नाही. शिवाय पाचची लहर जाड भिंतीपलीकडे लवकर थकते. अमेरिकेहून मुलाने पाठवलेला लॅपटॉप असेल तर आणखी एक भानगड होऊ शकते. आपल्याकडे २.४मध्ये १ ते १३ चॅनेल चालतात, तिकडचे बरेच लॅपटॉप ११च्या पुढे ऐकतच नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ करा, नाव दिसू लागेल.

नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर असूनही घेत नाही, तर त्या नावावर ‘फॉरगेट’ करा आणि नव्याने जोडा. पासवर्ड कधीतरी बदललेला असतो आणि कॉम्प्युटर जुनाच घोकत बसतो.

आता खरी गंमत. ‘कनेक्टेड’ दिसतं, पण इंटरनेट नाही.

गेल्या नोव्हेंबरात गल्लीतल्या एका वहिनींकडे हेच झालं. यजमान खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, आता हयात नाहीत. घर फॅमिली पेन्शनवर चालतं. नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. २०१४ पासून जीवन प्रमाण आल्यामुळे तो घरबसल्या देता येतो, पण बोटाचा ठसा घेणारं यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं, चेहऱ्याने दाखला देण्याचं अ‍ॅप त्यांच्या जुन्या मोबाइलवर चढेना, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे बाहेर जाणं बंद. दुकानदाराने फोनवरूनच सांगितलं, कार्ड गेलंय, मदरबोर्ड बदलावा लागेल. वहिनींनी मग मोबाइलवर कस्टमर केअर शोधून एका नंबरला फोन केला. पलीकडचा गोड बोलणारा म्हणाला, मोबाइलवर एक अ‍ॅप घ्या, मी इथून बघतो. वहिनींनी मला हाक मारली, ‘‘भाऊजी, घेऊ का?’’ मी म्हणालो, आधी तो फोन ठेवा. स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणारं अ‍ॅप म्हणजे बँकेचा ओटीपीही त्याच्या हाती. असं कुणाचं होऊन बसलंच, तर १९३० या नंबरवर लगेच कळवायचं. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

मग कॉम्प्युटरकडे वळलो. स्टार्ट दाबून ‘सीएमडी’ टाइप केलं, काळी खिडकी उघडली, त्यात ‘आयपीकॉन्फिग’ लिहिलं. इंग्रजीत, एकसलग, मध्ये जागा न सोडता. तिथे आयपीव्ही४ समोर जो आकडा येतो, तो कॉम्प्युटरचा घरातला पत्ता. हा पत्ता राउटर वाटतो. आकडा १६९.२५४ने सुरू झाला तर समजायचं, कॉम्प्युटरने पत्ता मागितला, राउटरचं उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक ठेवून घेतला. अशा वेळी वाय-फाय बंद-चालू करा, राउटर एकदा बंद करून पुन्हा लावा.

वहिनींचा आकडा मात्र १९२.१६८.०.५० होता. राउटरच्या मागच्या स्टिकरवर होतं १९२.१६८.१.१. तिसरा आकडा बघा, एकीकडे शून्य, दुसरीकडे एक. दिवाळीआधी त्यांनी इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला. जुन्या राउटरच्या काळात कुणीतरी कॉम्प्युटरला पत्ता हाताने बांधून दिला होता. घर बदललं, पण हा जुन्याच गल्लीत पत्र टाकत होता. सेटिंग्ज, नेटवर्क, वाय-फाय, प्रॉपर्टीज, तिथे आयपी असाइनमेंटला ‘ऑटोमॅटिक’ केलं आणि सेव्ह. दाखला त्याच दुपारी गेला.

पत्ता बरोबर असूनही अडलं तर त्याच काळ्या खिडकीत ‘पिंग’, एक जागा आणि राउटरचा आकडा लिहा. रिप्लाय आला तर राउटरपर्यंत वाट मोकळी. मग पिंग ८.८.८.८. इथेही रिप्लाय येतो पण साइट उघडत नाहीत, तर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय. तेही ऑटोमॅटिकवर ठेवा. विंडोजचा ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी, कारण त्याने साठवलेले वाय-फायचे पासवर्ड जातात.

आणि राउटरच्या मागचं ते सुईएवढं भोक. त्यात टाचणी घालून दाबणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. त्याने कंपनीने भरलेलं यूझरनेम, पासवर्ड सगळं पुसलं जाऊ शकतं, आणि मग चालणारे मोबाइलही बंद. रीस्टार्टला वायर काढून पुन्हा लावणं पुरे.

राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवू नये, तो कुठे ठेवावा, हे पुढच्या भागात. जय हिंद.