गाडी लावायचे पैसे: पावतीमागचा नियम विचारा

आज आपण एका लहानशा कागदाबद्दल बोलणार आहोत. हा कागद तळहातावर मावेल एवढा असतो. आपण तो घडी करून पर्समध्ये नाहीतर कमरेला खोचतो आणि विसरून जातो. तो कागद म्हणजे गाडी लावल्याची पावती.

विषय निघाला तो असा. आमच्या गटातल्या एका ताईची सून शहरातल्या एका खासगी दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल होती. डबा घेऊन आम्ही स्कूटीवर रोज दोन खेपा करत होतो. दारातला मुलगा दर खेपेला वीस रुपये घ्यायचा. तीन दिवसांचे एकशे वीस झाले. शेवटच्या दिवशी पावती हरवली, तर म्हणाला, "मावशी, पावती हरवली की शंभर रुपये दंड, नियम आहे." आम्ही विचारलं, "कुणाचा नियम?" त्याला सांगता आलं नाही. आत विचारलं, तिथंही कुणाला सांगता आलं नाही. शंभर रुपये देऊन आम्ही गाडी सोडवली. एकूण दोनशे वीस रुपये गेले. आमच्या गटाची महिन्याची बचत आहे शंभर रुपये. म्हणजे दोन महिन्यांच्या बचतीपेक्षा जास्त पैसे नुसती गाडी उभी करण्यात गेले.

म्हणून आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन वकील बाईंना विचारलं. त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं ते आम्ही लिहून घेतलं: "असा वाद कोर्टात गेला तर न्यायाधीश पावतीवर काय छापलंय एवढंच बघत नाहीत, त्या पावतीमागं कोणता नियम आहे ते बघतात." आजचं सगळं बोलणं या एका वाक्यावर आहे.

तर पहिला प्रश्न, जागा कुणाची? गाडी तीन प्रकारच्या जागेत उभी राहते. एक, सार्वजनिक जागा, म्हणजे रस्ता, बाजारतळ, यात्रेचं मैदान. दोन, सरकारी किंवा महामंडळाची जागा, जसं एसटी स्टँडचं आवार, जिथं वसुली ठेक्यानं दिलेली असते. तीन, खासगी जागा, म्हणजे दवाखाना, मंगल कार्यालय, मॉल, सिनेमागृह. तिन्ही ठिकाणी पावती सारखीच दिसते, पण तिच्यामागचा कायदा वेगळा असतो.

आधी सार्वजनिक जागेचं बघू. आपल्या राज्यघटनेच्या 265व्या कलमात म्हटलं आहे की कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. फीचं काय? अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1992 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फी लावायलासुद्धा कायद्यानं स्पष्ट अधिकार दिलेला असावा लागतो. नुसतं "आम्ही सोय करतो, म्हणून पैसे घेतो" हे चालत नाही.

हा अधिकार कुठून येतो? गावात तो येतो 1958च्या ग्रामपंचायत कायद्यातून. त्या कायद्यात ग्रामपंचायतीला कोणकोणते कर आणि फी लावता येतील याची यादीच दिली आहे. घरपट्टी त्यात आहे, आठवडी बाजाराची फी आहे, गाडीतळाची फी आहे. वसुलीचं काम हर्रास करून ठेक्यानं देताही येतं. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा इथल्या नगरपालिकांना 1965चा वेगळा कायदा लागू आहे. परभणी शहरात 2011 पासून महानगरपालिका आहे, तिचा कायदा आणखी वेगळा. नगरपालिका आणि महानगरपालिका या कायद्यांखाली आपल्या गावापुरते जे नियम करतात त्यांना उपविधी म्हणतात. उपविधी मनात आलं आणि केला असं होत नाही. त्याला ठराव लागतो, लोकांच्या हरकतींना वाव द्यावा लागतो, वरून मंजुरी लागते.

आता ठेकेदाराचं बघा. ठेकेदार म्हणजे काही वेगळं सरकार नव्हे. ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला जेवढा अधिकार, तेवढाच त्याला, त्याहून एक रुपया जास्त नाही. ठरावात दुचाकीचा दर पाच रुपये असेल आणि ठेकेदार दहा घेत असेल, तर वरचे पाच बेकायदा. ठराव बाजारतळापुरता असेल आणि तो बाहेरच्या रस्त्यावर उभ्या गाडीचीही पावती फाडत असेल, तर तीही बेकायदा. मोटारसायकलची पावती यादीतल्या कोणत्या फीमध्ये बसवली, हे ग्रामसेवकाला विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. कोर्टात असं भांडण गेलं की ठराव, उपविधी आणि ठेक्याचा करारनामा हे तीनच कागद आधी मागवले जातात. एसटी स्टँडसारख्या ठिकाणीही तसंच. तिथं ठेक्याच्या करारात दर ठरलेला असतो, त्याच्या बाहेर ठेकेदाराला जाता येत नाही.

आता खासगी जागा. इथं बऱ्याच जणी म्हणतील, "जागा त्याची, पैसे मागणारच की." वरवर ते खरं वाटतं. माझ्या अंगणात कुणी बैलगाडी सोडली तर मी चार पैसे मागू शकते. पण दवाखाना, मॉल किंवा मंगल कार्यालय बांधताना मालकाला बांधकाम परवानगी घ्यावी लागते. त्या परवानगीची अटच असते की येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गाड्यांसाठी इतकी जागा सोडली पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आहे, ती डिसेंबर 2020 पासून लागू झाली. कोणत्या इमारतीला किती गाड्यांची जागा पाहिजे याचा तक्ताच त्यात आहे, आणि मंजूर नकाशात ती जागा आखून दाखवावी लागते. म्हणजे ती जागा मालकाची असली तरी गाड्यांसाठी बांधलेली आहे.

मग अशा जागेचे पैसे घेता येतात का? यावर दोन राज्यांत दोन निकाल झाले, आणि ते समजून घेण्यासारखे आहेत.

गुजरातमध्ये काही मॉलवाले उच्च न्यायालयात गेले होते. त्यांचं म्हणणं, आम्हाला पार्किंगचे पैसे घेऊ द्या. आधी एका न्यायाधीशांनी पहिला तास फुकट आणि पुढं ठराविक दर अशी मुभा दिली होती. पण जुलै 2019मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की पैसे घेताच येणार नाहीत. कारण काय दिलं? तिथल्या विकास नियमावलीनं पार्किंग देणं हे मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे, आणि त्याचे पैसे घ्यायची परवानगी त्या नियमात कुठेच नाही.

केरळमध्ये असाच प्रश्न एका मोठ्या मॉलबद्दल आला. तिथल्या उच्च न्यायालयानं 2025 साली उलटं सांगितलं. पार्किंगची जागा ठेवणं बंधनकारक आहे, पण नगरपालिकेचा परवाना घेऊन पैसे घ्यायचे की नाही हे मालक ठरवू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, देश एक, प्रश्न एक, मग उत्तरं दोन कशी? याचं कारण असं की दोन्हीकडचे स्थानिक कायदे आणि नियम वेगळे आहेत, आणि न्यायाधीशांनी आपापल्या राज्याचे नियम उघडून वाचले. म्हणून कुणी मोबाइलवर "कोर्टानं पार्किंग फुकट केलं" असा निरोप पाठवला, तर लगेच विश्वास ठेवू नका. गुजरातचा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. वकील तो दाखला म्हणून ठेवू शकतात, पण आधी आपल्या शहराची नियमावली आणि त्या इमारतीचा मंजूर नकाशा समोर ठेवावा लागेल.

आता त्या शंभर रुपये दंडाकडे येऊ. दंड हा शब्द कायद्याचा आहे. वाहतूक पोलीस चलन करतात ते मोटार वाहन कायद्याखाली. पार्किंगच्या खासगी माणसाला दंड करायचा अधिकार नसतो. पावतीवर छापलेली रक्कम फार तर दोघांमधला करार म्हणता येईल. आणि 1872च्या करार कायद्याच्या 74व्या कलमात सांगितलं आहे की करारात कितीही रक्कम लिहिली असली तरी कोर्ट वाजवी असेल तेवढीच भरपाई देतं. कागदाचा एक चिटोरा हरवला म्हणून मालकाचं शंभर रुपयांचं नुकसान कसं झालं, हे त्याला सांगावं लागेल.

पावतीवर आणखी एक ओळ असते, "गाडीची जबाबदारी मालकाची." हीसुद्धा दगडावरची रेघ नाही. दिल्लीत 1998 साली एका हॉटेलात पाहुण्यानं गाडीची चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. तिथंही चिठ्ठीवर असंच छापलं होतं. ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर 2019मध्ये निकाल लागला: गाडी ताब्यात घेतली की सांभाळायची काळजीही घेतली पाहिजे, नुसतं छापून जबाबदारी झटकता येणार नाही. मात्र चावी त्यांच्या हातात देणं आणि आपणच गाडी लावून कुलूप घालून जाणं, यात कोर्ट फरक करतं, हेही लक्षात ठेवा.

मग प्रत्यक्ष वेळ आली तर काय करायचं? दारात भांडत बसू नका. लेकरू दवाखान्यात असताना तर नाहीच. पैसे द्या, पण पावती घ्या. पावतीवर नाव, तारीख, रक्कम आहे का ते बघा. नसेल तर लिहून मागा. दराचा फलक असेल तर मोबाइलवर फोटो काढा, नसेल तर फलक नसलेल्या जागेचा काढा. घरी येऊन त्याच दिवशी गटाच्या वहीत नोंद करा.

पैसे ग्रामपंचायतीच्या नावानं घेतले असतील, तर ठरावाची प्रत मागा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथं हा प्रश्न मांडा. समाधान झालं नाही तर फीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येतं. नगरपालिकेत ठेक्याचा करार किंवा इमारतीचा नकाशा बघायचा असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना तोही नाही. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे.

खासगी जागेत जादा पैसे घेतले किंवा गाडीचं नुकसान झालं, तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी विचारायचं असेल तर ग्राहकांसाठी 1915 हा क्रमांक आहे. वकील हवाच असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना तो मोफत मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक 15100.

कुणी म्हणेल, वीस रुपयांसाठी एवढा खटाटोप? एकटीनं वीस रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढू नये, हे आम्हालाही पटतं. पण त्या दाराशी रोज किती बायका पर्स उघडतात ते मोजा. अर्ज एकीनं केला तरी उत्तर सगळ्यांच्या उपयोगाचं असतं.

त्या दवाखान्याच्या मंजूर नकाशासाठी आमच्या गटानं नगरपालिकेत अर्ज दिला आहे. दहा रुपये गटाच्या खर्चात धरले आहेत. उत्तर आलं की तुम्हाला वाचून दाखवू. तोवर तुमच्या बाजारतळावर दुचाकीचा दर किती आणि त्याचा ठराव कोणत्या तारखेचा, एवढं पुढच्या बैठकीपर्यंत विचारून ठेवा.